ब्रेक निवडण्याचा हिवाळा

मुक्ता आणि ईशान,

मागच्या रविवारी मुक्तानं फोनवर विचारलं, "आजी, बाबांच्या जुन्या गाडीला आजोबांनी कोणत्या डिस्क आणि कोणते पॅड निवडले होते?" तिनं तिकडे जर्मनीत एक जुनी, दोनच सीटांची गाडी घेतली आहे आणि बर्फ वितळला की ती ट्रॅकवर चालवणार आहे, हे मला त्या प्रश्नातूनच कळलं. मी सांगितलं, "डिस्क खाचांच्या, भोकांच्या नाहीत. पॅड मधल्या तापाचे." ती म्हणाली, "थँक्स आजी, लव्ह यू," आणि फोन ठेवला.

उत्तर बरोबर होतं. तरी मी फोन हातात धरून बराच वेळ तशीच बसले. दोन ओळींच्या त्या उत्तराला एक अख्खा हिवाळा लागला होता. तो तुम्हाला कुणी सांगितलेला नाही. तुमच्या बाबांना अर्धाच माहीत आहे. उरलेला अर्धा माहीत असलेलं माणूस आता मी एकटीच, म्हणून लिहायला बसले.

इकडे जालन्यात तोच हंगाम पुन्हा आला आहे. राजूर रोडवरून कापसाचे टेम्पो जातात, त्यांच्या ताडपत्रीतून कापूस उडतो आणि रस्त्याकडेच्या बाभळींच्या काट्यांना अडकून राहतो. सकाळी झाडलं की दुपारी अंगणात पुन्हा पांढरे पुंजके. गच्चीवर ऊन अकराला येतं आणि चारला जातं. मी खुर्ची उन्हाबरोबर सरकवत नेते. पूर्वी दोन खुर्च्या सरकवाव्या लागत.

तुमचे आजोबा, म्हणजे अण्णा, एमआयडीसीतल्या एका रोलिंग मिलमध्ये आयुष्यभर कामाला होते. लालभडक लोखंड दोन रोलांमधून ओढून सळया काढायच्या, ते रोल तपासायचे, बदलायचे, हे त्यांचं काम. मी शाळेत इंग्रजी शिकवत होते. ते घरी यायचे तेव्हा त्यांच्या कानात मिलचा आवाज असायचा आणि माझ्यापुढे तपासायच्या वह्यांचा गठ्ठा. आमच्यात भांडण नव्हतं. पण जेवायला वाढू का, मीठ बरोबर आहे का, गॅस संपत आला, यापलीकडे बोलण्यासारखं दोघांच्या वाट्याला एकत्र फारसं काही आलं नाही. मला त्याची सवय झाली होती. सवय झाली की एकटेपणाला कुणी त्या नावानं हाक मारत नाही.

त्या वर्षी दिवाळीनंतर फोनवर मुक्ता मला म्हणाली, "आजी, बाबांची गाडी खडीत घुसली, पण आईला सांगायचं नाही." मुक्ता तेव्हा आठ वर्षांची होती, आणि ईशान, तू तिचा धाकटा भाऊ. आईला सांगायचं नाही म्हणून तिनं आजीला सांगितलं. मिलिंदनं, म्हणजे तुमच्या बाबांनी, पुण्यात ती जुनी स्पोर्ट्स कार घेतली होती आणि तो कोईमतूरजवळच्या ट्रॅकवर दोनतीनदा जाऊन आला होता. लांब सरळ पट्टा संपता संपता त्यानं ब्रेक दाबला आणि पेडल स्पंजसारखं खाली गेलं. गाडी वळणाबाहेर जाऊन खडीत रुतली. त्याला खरचटलंही नव्हतं.

मी त्याला फोन केला आणि म्हटलं, गाडी विक. तो रागावेल असं वाटलं होतं. पण तो म्हणाला, "आई, ब्रेक नीट निवडून बसवतो. अण्णा बघतील. सगळं झाल्यावर शेवटचा शब्द तुझा. तू हो म्हणालीस तर चालवीन. नाही म्हणालीस तर त्याच दिवशी विकून टाकीन." तोही घाबरला होता, हे मला पुष्कळ उशिरा उमगलं. त्या दिवशी एवढंच कळलं की माझ्या मुलाचं एक वेड, आणि कदाचित त्याचा जीवही, माझ्या एका शब्दावर येऊन थांबला आहे.

अडचण अशी होती की अण्णांना तेव्हा वाचता येत नव्हतं. एका डोळ्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, दुसऱ्याचं व्हायचं होतं. नवा चष्मा दोन्ही झाल्यावर मिळणार होता, तोवर त्यांना सगळं धूसर. मिलिंदनं इंटरनेटवरचे कागद छापून कुरिअरनं पाठवले, वीतभर जाडीचा गठ्ठा. कंपन्यांची माहितीपत्रकं, ट्रॅकवर गाड्या चालवणाऱ्यांच्या चर्चा, तक्ते, आलेख, सगळं इंग्रजीत. मी कागदांना भोकं पाडली, फाइल केली, तीन रंगांच्या चिठ्ठ्या लावल्या: डिस्क, पॅड, ब्रेक ऑइल. जेवणं झाली की गच्चीवर दोन खुर्च्या मांडायच्या, अण्णांनी काळा चष्मा लावून, टोपी कपाळावर ओढून बसायचं आणि मी मोठ्यानं वाचत वाचत मराठीत सांगायचं.

डिस्क म्हणजे चाकाबरोबर फिरणारी लोखंडी चकती, आणि पॅड म्हणजे तिला दोन्ही बाजूंनी आवळणारे ठोकळे, इतकं मला पहिल्या दिवशी कळलं. दुसऱ्या दिवशी भोकांच्या डिस्कवर गाडी आली. मिलिंदला त्याच हव्या होत्या.

"भोकं कशापायी?" अण्णांनी विचारलं.

"हवा लागते, वजन कमी होतं असं लिहिलंय. शिवाय दिसायला सुंदर."

"दिसायला? वरातीत न्यायची का?" ते हसले. मग बोटानं गुडघ्यावर एक रेघ ओढली. "मॅडम, आमचे रोल असेच जायचे. तापले, पाणी पडलं, तापले, पाणी पडलं. आधी केसावानी भेग. कुणाला दिसत न्हाई. मंग एक दिवस टणकन. भोक असलं की भेगेला दरवाजा उघडूनच दिला. वरवरच्या खाचा चालतील, आरपार भोक नको."

लग्नानंतर पहिल्या वर्षी शाळेत नोकरी लागली तेव्हापासून ते मला थट्टेनं मॅडम म्हणत. पुढच्याच पानावर एका ट्रॅकवाल्यानं भोकांपासून तडकलेल्या डिस्कचा फोटो टाकला होता. मी फोटोचं वर्णन करून सांगितलं तर म्हणाले, "बघायला कशाला पाहिजे, मला ऐकू आली ती."

मग जाड डिस्क का हवी, हे त्यांनी मला स्वयंपाकघरात नेऊन दाखवलं. डिस्क ज्या लोखंडाची ओततात त्याला आपण बीड म्हणतो, आपला धिरड्यांचा तवा त्याचाच. पत्र्याचा तवा लगेच तापतो आणि धिरडं करपतं. बिडाचा जड तवा ताप पोटात घेतो. ट्रॅकवर गाडीचा सगळा वेग डिस्कच्या पोटात ताप होऊन जातो, तेव्हा पोट मोठं पाहिजे. चाळीस वर्षं ज्या तव्यावर मी स्वयंपाक केला, त्याबद्दल माझ्या नवऱ्याला इतकं माहीत असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. त्यांनी कधी सांगितलं नाही. मी कधी विचारलं नाही.

पॅडचे आलेख सांगणं अवघड गेलं. आडव्या रेघेवर ताप, उभ्या रेघेवर पकड. शब्दांत मांडायला गेलं की गोंधळ व्हायचा. शेवटी मी त्यांचा उजवा हात घेतला आणि त्यांच्या तळहातावर बोटानं वक्ररेषा काढली. हा रस्त्यावरचा साधा पॅड: अंगठ्यापाशीच चांगलं धरतो आणि ताप वाढला की करंगळीकडे घसरत जातो. हा शर्यतीचा: सुरुवातीला अगदी खाली, मग चढतो आणि शेवटपर्यंत उतरत नाही. ते म्हणायचे, "परत काढ. तिसरा काढ." त्यांचा हात खरखरीत होता, जुन्या भाजल्याच्या खुणांचा. एवढ्या वर्षांच्या संसारात मी तो इतका वेळ हातात धरला नव्हता. खाली रस्त्यावरून कापसाचे टेम्पो जात होते आणि आम्ही दोन म्हातारी माणसं गच्चीवर पॅडचे आलेख काढत बसलो होतो. कुणी पाहिलं असतं तर काय म्हटलं असतं कोण जाणे.

संध्याकाळी मिलिंदचा फोन यायचा. त्याला सगळ्यात कडक, शर्यतीचेच पॅड हवे होते. "अण्णा, पुन्हा पेडल खाली जायला नको."

"पेडल गेलं ते तुझं जुनं ऑइल उकळलं म्हणून. ते बदल आधी. पॅडचं वेगळं हाय."

मी मध्येच विचारलं, "आणि हे शर्यतीचे पॅड गार असताना?"

"गार असताना कमी धरतात, आई. पण एका लॅपमध्ये, ट्रॅकच्या एका फेरीत, तापतात."

"आणि त्या पहिल्या लॅपमधलं पहिलं वळण? आणि पुण्यात सकाळी गेटातून बाहेर पडताना समोर कुणाचं पोर आलं तर?"

अण्णा माझ्याकडे, म्हणजे माझ्या आवाजाकडे, तोंड करून बसले होते. "मॅडमनी बराबर जागी बोट ठेवलं," ते म्हणाले. "तू गाडी ट्रेलरवर न्हाई नेत, चालवत नेतोस. मधला पॅड घे. गार बी धरंल, तापला तरी सोडणार न्हाई." तिथं निवड झाली. मुक्ता, मी तुला रविवारी सांगितलं ते हे. ते आजोबांनी निवडले खरे, पण प्रश्न माझा होता. हे मी कधी कुणाला सांगितलं नाही. आज सांगते.

माल जालन्यालाच मागवला, कारण बसवण्याआधी अण्णांना तो हातात घ्यायचा होता. त्यांचे मित्र रशीदभाई, जुन्या जालन्यातले गॅरेजवाले, खोकं घेऊन आले. अण्णांनी एकेक डिस्क झोपाळ्याच्या कडीला सुतळीनं टांगायला लावली आणि लाकडी हातोडीनं हलकेच मारून, मान कलती करून ऐकत राहिले. मिलमध्ये रोल असाच तपासायचे. आतली भेग आवाजात आधी कळते.

"अण्णा, नाडी बघून राह्यले का?" रशीदभाई म्हणाले.

"गप ना जरा."

"औषध लिहून द्या मंग जल्दी. दुकान उघडं ठेवून आलो मी."

चारी डिस्क पास झाल्या. दोघं मित्र चहा पीत हसत होते. मी मात्र पॅडच्या खोक्याकडे बघत होते. निवड झाली, तपासणी झाली, आता माझा शब्द तेवढा राहिला होता. आणि तो मला देता येत नव्हता. सगळं वाचलं होतं, सगळं समजलं होतं, आणि तरी डोळे मिटले की गाडी खडीकडे जाताना दिसायची.

दोन दिवसांनी संकष्टी होती. आपल्याकडे नवा ट्रॅक्टर, नवी मोटरसायकल घेतली की राजूरच्या गणपतीला नेऊन हार घालतात. मी त्यातली नव्हते. वर्गात मी लिंबू-मिरचीवर विनोद करायची. त्या दिवशी मी अण्णांना सांगितलं की मैत्रिणीकडे जाते, आणि जीपनं राजूरला गेले. डिस्क जड, म्हणून पिशवीत पॅडच नेले, फडक्यात गुंडाळून. गर्दीत तासभर रांगेत उभी राहिले. पुजाऱ्यांनी दिलेला तेलातला शेंदूर बोटावर घेतला आणि प्रत्येक पॅडवर, जो भाग डिस्कला भिडतो त्यावरच, नीट एकेक टिळा लावला. मनात म्हटलं, इथं, बरोब्बर इथं तू बस. घरी आले, पॅड होते तसे खोक्यात ठेवले. फार दिवसांनी मला जेवण गेलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी गच्चीवर शेवटचं वाचन होतं: खोक्यातला सूचनांचा कागद. मी वाचत गेले. नवे पॅड बसवल्यावर दहा वेळा वेग वाढवून जोरात कमी करा, पूर्ण थांबू नका, मग ब्रेक न लावता गार होऊ द्या. आणि मग ती ओळ आली. पॅडच्या पृष्ठभागाला तेल किंवा ग्रीस लागू देऊ नका. लागल्यास पकड जाते. असे पॅड पुसून वापरू नका, टाकून द्या.

मी ती ओळ ओलांडून पुढची वाचली.

"थांब," अण्णा म्हणाले. "मधलं काय गाळलं?"

"काही नाही."

"मॅडम, मशिनीचा एक दात चुकला तरी कळतं मला. दोन महिने ऐकून राह्यलो तुला. मागं जा. वाच."

मी वाचलं. मग खाली जाऊन खोकं आणलं आणि त्यांच्या मांडीवर ठेवलं. त्यांनी एक पॅड उचलला, अंगठा फिरवला, वास घेतला. "शेंदूर?"

"हो."

"कुठला?"

"राजूरचा."

त्यांचा अंगठा केशरी झाला होता आणि त्यांना तो दिसत नव्हता. दोनच दिवसांनी संक्रांतीला मिलिंद गाडी घेऊन येणार होता. अण्णांनी मला थांबवलं नसतं तर तेच पॅड घेऊन त्यानं त्याच वळणावर पाय दाबला असता. ज्याच्यासाठी भीत होते त्यालाच मी माझ्या भीतीनं मारलं असतं, आणि तेही एक ओळ गाळून.

"डिस्क असती तर पुसली असती," ते शेवटी म्हणाले. "पॅड तेल पिऊन घेतो." मग थोडं थांबून, "देवाला माफ हाय. त्याला कुठं इंग्रजी येतं. तुला तर येतं."

मी हसले आणि हसता हसता रडले. "एवढी भीती वाटत व्हती तर बोलायचं ना," ते म्हणाले. "मला बी वाटती."

"मग तुम्ही का नाही बोललात?"

"तू वाचून राह्यली व्हतीस. मधी कशाला बोलू?"

मिलिंदला फोन लावून ते म्हणू लागले, "माझ्या हातून तेल सांडलं..." मी फोन काढून घेतला आणि खरं काय ते सांगितलं. पलीकडून, "आई, तू? लिंबू-मिरचीला हसणारी तू?" आणि मग जरा हळू आवाजात, "बरं झालं सांगितलंस." नवे पॅड यायला वेळ लागला. त्या महिन्याचा ट्रॅकचा दिवस हुकला. त्यानं मला एका शब्दानं बोल लावला नाही.

माघात तो गाडी घेऊन आला. रशीदभाईंनी डिस्क-पॅड बसवले, मी आधी सगळ्यांना हात साबणानं धुवायला लावले. पॅड बसते करायला जाफराबादच्या रस्त्यावरचा एक लांब, मोकळा तुकडा ठरला. सकाळची वेळ. गाडीला दोनच सीट.

"अण्णा, बसा," मिलिंद म्हणाला.

"मला दिसत न्हाई, मी बसून काय करू? शब्द कुणाचा हाय? मॅडम बसतील."

म्हणून मी नऊवारीवर शाल गुंडाळून त्या जमिनीलगतच्या गाडीत उतरले. बसले म्हणणं चूक आहे. दोन्हीकडे काढणीला आलेली तूर, वाऱ्याला गारठा. मिलिंद वेग वाढवायचा, मग ब्रेक. छातीवर पट्टा आवळायचा, रस्ता जणू मागून धरून ठेवायचा, आणि पुन्हा सुटायचा. मी मोजत होते. एक. दोन. तिसऱ्याला डोळे मिटले. पाचव्याला उघडले. सातव्याला जळकट वास आला आणि मला माहीत होतं तो कशाचा. आठव्याला मला कळलं की मी गाडीकडे नाही, त्याच्या पायाकडे बघते आहे, आणि त्याचा पाय घाई करत नाही. दहा झाल्यावर त्यानं ब्रेकला न शिवता गाडी तशीच दूरवर जाऊ दिली. राखेसारखं ऊन तुरीवर पसरत होतं.

"जा," मी म्हटलं.

"कुठं?"

"ट्रॅकवर. विकू नकोस."

तो गेला. ट्रॅकच्या दिवशी संध्याकाळी त्याचा फोन आला, "आई, पेडल शेवटपर्यंत दगडासारखं होतं." मी अण्णांना सांगितलं. ते फक्त "हं" म्हणाले आणि टोपी काढून पुन्हा घातली.

होळीच्या सुमारास दुसरा डोळा झाला आणि नवा चष्मा आला. अण्णांनी वर्तमानपत्र स्वतः उघडलं, कोपऱ्यातल्या जाहिरातीपर्यंत वाचलं. मी शेजारीपाजारी पेढे वाटले. दुपारी सवयीनं गच्चीवर दोन खुर्च्या मांडल्या. ते आले, बसले, पेपर वाचत राहिले, मनातल्या मनात. मी समोर बसून होते. त्यांची दृष्टी परत यावी म्हणून मी किती प्रार्थना केल्या होत्या, आणि ती आल्यावर मला वाटलं की माझं काहीतरी कुणी काढून नेलं. हे सांगायला लाज वाटते, पण तुम्हाला खरं सांगायचं ठरवलं आहे. तशी दुपार पुन्हा कधी आली नाही. एकमेकांशी आम्ही पूर्वीपेक्षा बरं बोलायचो, पण तळहात पुढे करायला काही कारण उरलं नव्हतं. न विचारता तो हातात घ्यावा, इतकं धैर्य आमच्या पिढीत नव्हतं. मला घ्यायला हवा होता.

त्यांना जाऊन आता सहा हिवाळे झाले.

मुक्ता, तू माझी परवानगी मागितली नाहीस, ते योग्यच आहे. माझा शब्द आता कुणाच्या गाडीला अडवत नाही. फक्त आमची निवड जशीच्या तशी उचलू नकोस. तुझ्या गाडीचं वजन वेगळं, तुझा रस्ता वेगळा, तुमच्याकडची थंडी तर फारच वेगळी. आधी ऑइल बदल. पहिला लॅप हळू. पॅड हाताळण्याआधी हात धू. आणि भीती वाटली तर ती ज्याच्याजवळ बसून वाचतेस त्याला सांग. ईशान, ती सांगायला आली तर हातातलं काम बाजूला ठेव.

तुमच्या बाबांनी तिकडे जाताना गाडी विकली, त्या डिस्क तिच्याबरोबर गेल्या. रशीदभाई मुलीकडे परभणीला राहतात, त्यांना आता ऐकू कमी येतं. मिलच्या गेटावर दुसरं नाव लागलं आहे. पण डिस्क का तडकते, पेडल कशानं मऊ पडतं, कोणता पॅड किती तापावर धरतो आणि कुठं सोडतो, हे सगळं मला अजून तोंडपाठ येतं.